अंगठा, अंगुलित्राण आणि आपली बोटे

एकलव्याच्या अंगठ्याविषयी आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. दलित कवितेने तर त्या तुटलेल्या अंगठ्याला आपल्या साऱ्या हिरावलेल्या विद्येचे प्रतीक केले, आणि ते योग्यच केले. परंतु त्याच्या उजव्या हाताच्या उरलेल्या चार बोटांविषयी कोणी फारसे बोललेले नाही. अंगठा गेल्यावर त्या बोटांनी काय केले? ज्यांच्या बोटांवर प्रत्यंचेचा ताण येतो त्यांनी ती बोटे कशी राखावीत? आणि बोटे राखण्याचे साधन आजवर कोणी तयार केले? हे प्रश्न वरवर पाहता खेळाच्या मैदानावरचे वाटतील. मला मात्र ते आपल्या चळवळीचे प्रश्न वाटतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी नवी मुंबईत शिक्षक आहे. तुर्भ्याच्या दगडखाणींच्या आसपासच्या वस्त्यांतली आणि खारघरच्या डोंगरावरच्या आदिवासी पाड्यांतली काही मुले-मुली रविवारी एकत्र येतात. त्यांना मी धनुर्विद्येचे प्राथमिक धडे देतो. आमच्यापैकीच काही कार्यकर्ते विचारतात, "सर, हे रामाचे धनुष्य आपल्या मुलांच्या हातात कशाला देता?" त्यांच्या प्रश्नामागचा राग मला समजतो. शंबूक आपण विसरलेलो नाही. पण धनुष्य रामाचे केव्हा झाले? भिल्लांचा तीरकामठा, कातकऱ्यांचे शिकारीचे बाण, निषादांची धनुर्विद्या हे सारे कोणत्याही अवताराच्या खांद्यावर धनुष्य चढण्यापूर्वीचे आहे. जंगलात पोट भरण्यासाठी माणसाने हे साधन घडवले. पुढे राजांनी ते उचलले, त्याला मंत्र चिकटवले आणि मूळच्या धन्याला दाराबाहेर उभे केले. तेव्हा साधन टाकून देणे हा उपाय नव्हे. ते नीट समजून घेऊन परत हातात घेणे हाच उपाय आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. प्रत्यंचा बोटांना नेमके काय करते?

प्रत्यंचा म्हणजे बारीक दोरी. धनुष्य पूर्ण ताणले की त्याचा सगळा भार त्या दोरीच्या चिंचोळ्या रेषेतून बोटांच्या कातडीवर येतो. आज ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्याचा ताण मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत साधारणतः चाळीस ते पन्नास पौंड असतो. चाळीस पौंड म्हणजे सुमारे १८ किलो. एका दिवसाच्या सरावात १५० बाण सोडले तर बोटांनी २,७०० किलो, म्हणजे अडीच टनांहून अधिक भार थोडा थोडा करून उचललेला असतो. नवशिक्या मुलाचे धनुष्य हलके, सोळा-अठरा पौंडांचे असले, तरी साठ बाणांत त्याच्या कोवळ्या बोटांवरून चार-पाचशे किलो जातात. हमालाच्या पाठीला हे गणित सांगावे लागत नाही. खेळाडूच्या बोटाला मात्र सांगावे लागते, कारण इथे भार एकदम पडत नाही, तो साचत जातो.

त्यातून इजा तीन प्रकारच्या होतात. पहिली कातडीची. दोरी सुटताना घासते, आधी लाली येते, मग फोड, आणि फोड फुटला की जखम. दुसरी इजा कातडीखालच्या मज्जातंतूची. बोटाच्या दोन्ही कडांनी बारीक मज्जातंतू जातात. त्यांवर रोज दाब पडला की बोटाच्या टोकाला मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. मधल्या बोटावर भार सर्वांत अधिक, म्हणून ही तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते. तिसरी इजा सांध्यांची व स्नायूंची. दोरी बोटांच्या टोकावर धरली की पुढचे पेर वाकून राहते, आणि तळहातापासून कोपरापर्यंतचे स्नायू विनाकारण ओढले जातात.

घट्टे पडले म्हणजे बोट तयार झाले, अशी एक समजूत आहे. ती आपल्या माणसांना चटकन पटते, कारण आपल्या घरात घट्टे हे कष्टाचे भूषण मानले गेले. पण घट्टा फक्त कातडी वाचवतो, खालचा मज्जातंतू वाचवत नाही. शिवाय घट्ट्याला भेग पडली की दोरी त्या भेगेत अडकते आणि बाण भरकटतो. उघड्या बोटांनी धनुष्य ताणणे यात मर्दानगी नाही, आणि विद्या तर नाहीच नाही.

जगातल्या सगळ्या धनुर्धर समाजांना हे फार लवकर कळले होते. प्रत्यंचा ओढण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एकीत अंगठ्याने दोरी अडकवतात आणि तर्जनी वरून दाबून कुलूप लावतात. ही रीत मंगोल, तुर्क, इराणी, चिनी आणि कोरियन लोकांची. हिंदुस्थानात मोगलांचीही तीच. तिच्यासाठी अंगठ्यात हाडाची, शिंगाची वा दगडाची कडी घालत. चीनमध्ये आन्यांग येथे फू हाओ या राणीच्या कबरीत अशी जेडची कडी सापडली. ती सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीची. शाहजहानच्या नावाची जेडची कडी लंडनच्या संग्रहालयात आहे. जपानी धनुर्धर हरणाच्या कातड्याचा हातमोजा घालतात. दुसरी रीत तीन बोटांची. तर्जनी बाणाच्या वर, मधले बोट आणि अनामिका बाणाखाली. युरोपात ही रूढ झाली. रॉजर ॲस्कम या इंग्रज शिक्षकाने १५४५ मध्ये धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला, त्यात बोटांचा कातडी मोजा आणि हातावरचा पट्टा या दोहोंची चर्चा आहे. आजच्या ऑलिंपिक रिकर्व्ह प्रकारात हीच तीन बोटांची रीत चालते.

याचा अर्थ लक्षात घ्या. आज जगातला उत्तमातला उत्तम रिकर्व्ह धनुर्धर अंगठा वापरतच नाही. तो अंगठा तळहाताकडे मिटून घेतो.

मग द्रोणाने अंगठाच का मागितला? महाभारताच्या आदिपर्वातली कथा शांतपणे वाचली की उत्तर मिळते. निषादांचा राजा हिरण्यधनू याचा हा मुलगा. तो निषादपुत्र म्हणून द्रोण त्याला शिष्य करीत नाही. तो मातीचा पुतळा करून स्वतः शिकतो. कुत्र्याच्या भुंकत्या तोंडात सात बाण मारण्याइतका त्याचा हात वेगवान होतो. अर्जुनाला मत्सर वाटतो आणि द्रोण गुरुदक्षिणा मागतो. इथपर्यंत आपण सगळे सांगतो. पण पुढेही एक महत्त्वाची ओळ आहे. अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण ओढू लागला, पण त्याचा हात पूर्वीइतका वेगवान राहिला नाही, असे महाभारतकारच सांगतो. म्हणजे द्रोणाला धनुर्विद्येची यंत्रणा पुरती ठाऊक होती. ज्या रीतीत अंगठा हेच आकडे आणि अंगठा हेच कुलूप, तिथे अंगठा काढला की वेग जातो. त्याने एकलव्याचा जीव मागितला नाही, त्याची गती मागितली. शोषणव्यवस्था नेहमी असेच करते. माणूस जिवंत ठेवते, राबण्यापुरता हात ठेवते, आणि बरोबरीला येण्यासाठी लागते तेवढेच नेमके कापून घेते.

पण त्याच ओळीत दुसराही अर्थ आहे. एकलव्य थांबला नाही. त्याने बोटांची रीत स्वीकारली. भिल्ल आपल्या बांबूच्या धनुष्यावर अंगठा न लावता बाण सोडतात आणि त्याचे कारण एकलव्याशी जोडतात, असे सांगितले जाते. ही आठवण इतिहास आहे की लोककथा, याचा निवाडा करण्याचे इथे कारण नाही. तंत्राच्या दृष्टीने एवढे खरे की अंगठ्याविना अचूक नेम धरता येतो, आणि आज सारे जग तसाच धरते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. या कथेतल्या राजपुत्रांची बोटे कशाने राखली जात होती? महाभारतातील योद्ध्यांचे वर्णन करताना गोधा आणि अंगुलित्राण बांधलेले असे विशेषण पुनःपुन्हा येते. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या कातड्याचा पट्टा डाव्या हातावर बांधत, म्हणजे सुटलेली दोरी मनगटाला लागत नसे. अंगुलित्राण म्हणजे बोटांचे रक्षण करणारे आवरण. याहून जुने ऋग्वेद पाहा. सहाव्या मंडलात शस्त्रांवरचे एक सूक्त आहे. त्यात हाताला सापासारखा वेढा घालून दोरीच्या घर्षणापासून वाचवणाऱ्या हस्तघ्नाची स्तुती आहे, आणि त्याच सूक्तात गाईपासून मिळालेल्या वादीने बांधलेल्या बाणाचीही आहे. म्हणजे वेदकाळापासून क्षत्रियाची बोटे, मनगट आणि बाण तिन्ही मेलेल्या जनावराच्या कातड्यावर अवलंबून होती. उलट एकलव्याचे वर्णन मळलेल्या अंगाचा आणि काळविटाचे कातडे पांघरलेला असे येते. त्याच्या बोटांवर अंगुलित्राण असल्याचा उल्लेख येत नाही.

कातडे वापरणाऱ्याला विटाळ झाला नाही. विटाळ झाला तो कातडे तयार करणाऱ्याला. आपल्या महाराष्ट्रात ही साखळी कशी होती ते कोणाला सांगायला नको. मेलेले ढोर गावाबाहेर ओढायचे महाराने, बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात कातडे कमवायचे ढोराने, ते कापून शिवायचे चांभाराने, आणि दोरखंड वळायचा मांगाने. क्षत्रियाच्या बोटांचे त्राण या सर्वांच्या हातांतून घडत असे. पण चुन्याच्या कुंडात हात घालणाऱ्याच्या बोटांना त्राण कोणी दिले? रापीने कापलेल्या आणि आरीने टोचलेल्या बोटांची गणती कोणत्या धनुर्वेदात आहे? धनुर्वेदाच्या ग्रंथांत प्रत्यंचा धरण्याच्या पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी, काकतुंडी अशा पाच मुठी मोठ्या बारकाईने सांगितल्या आहेत. रापी धरण्याची मूठ कोणी लिहून ठेवली नाही.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस सोडण्याचा संदेश दिला. पुढच्या काळात मेलेली ढोरे ओढण्याची सक्तीही लोकांनी झुगारून दिली. तो लढा कातड्याशी नव्हता, कातडे कपाळी मारणाऱ्या व्यवस्थेशी होता. हा फरक आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे. सक्तीचे आणि अपमानाचे काम नाकारणे वेगळे, आणि पिढ्यान्पिढ्या हातात मुरलेले कसब स्वतःच्या मोलाने, स्वतःच्या अटीवर वापरणे वेगळे. दुसऱ्या बाजूने व्यवस्था अजून जागच्या जागी आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारले गेले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि चर्मोद्योगातील कारागिरांच्या कच्च्या मालाला ओढ लागली. कातडे सोलले तरी मार, आणि न सोलले तर उपास. खेळाच्या दुकानात मात्र तेच कातडे स्वच्छ खोक्यात परदेशी नाव लावून येते, आणि तिथे कोणाला विटाळ होत नाही.

ते खोक्यातले साधन म्हणजे 'टॅब'. तीन बोटांच्या पुढे धरायचा चामड्याचा तुकडा. उत्तम टॅबला घोड्याच्या पुठ्ठ्याकडचे घट्ट, गुळगुळीत कातडे वापरतात, त्याला कॉर्डोव्हान म्हणतात. मागे धातूची पट्टी आणि तर्जनी-मधल्या बोटामध्ये एक गुटका असतो. किंमत काही हजार रुपये. आमच्या मुलांच्या घरी तेवढ्यात महिन्याचे धान्य येते. म्हणून पहिल्या वर्षी मुले उघड्या बोटांनी, कोणी चिकटपट्टी गुंडाळून, कोणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बाण सोडत होती. एक मुलगी दोन आठवडे मधल्या बोटाला आलेला बधिरपणा लपवून राहिली होती. "सांगितलं तर तुम्ही बसवून ठेवाल," असे ती म्हणाली. गरिबाच्या पोराला दुखणे सांगण्याचीही चोरी असते. संधी जाईल ही भीती दुखण्यापेक्षा मोठी असते.

माझे वडील वाशीला रस्त्याकडेला चपला शिवीत. त्यांची रापी आणि आरी घरात होती. चपलेच्या पट्ट्यांतून उरलेल्या तुकड्यांचे टॅब आम्ही कापले. त्यात काही अवघड नाही. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी करून पाहावे म्हणून कृती लिहितो.

साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे, कमावलेले, घट्ट कातडे घ्यावे. रेक्झीन घेऊ नये. ते घामाने दोरीला चिकटते. मुलाचा हात कागदावर ठेवून तीन बोटांचा आकार काढावा. कातड्याची गुळगुळीत बाजू दोरीकडे आली पाहिजे. मधले बोट जाईल असे भोक वरच्या भागात पाडावे. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधोमध बाणाच्या खाचेसाठी चीर द्यावी. तिथे पाठीमागून जाड कातड्याचा छोटा गुटका शिवावा. त्याने दोन बोटे बाणाला चिमटीत धरत नाहीत आणि बाण जागचा हलत नाही. पाठीला मऊ कातड्याचा किंवा जाड लोकरी कापडाचा दुसरा थर द्यावा. दाब पसरतो तो या थरामुळे. लांबी बोटांच्या टोकाबरोबर असावी. लांब राहिला तर दोरी सुटताना टॅब ओढत जातो, आखूड झाला तर कातडी उघडी पडते. नवा टॅब ताठ असतो. हलक्या धनुष्यावर दोन-तीन दिवस वापरून तो मुरवावा. कोकणच्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते, म्हणून ओला टॅब सावलीत वाळवावा, उन्हात नव्हे, आणि थोडी टाल्कम पावडर लावून ठेवावा.

साधनाइतकीच पद्धत महत्त्वाची. दोरी बोटांच्या टोकावर न धरता पहिल्या सांध्याच्या खोबणीत घ्यावी. टोकावर धरलेली दोरी सर्वांत जास्त छळते. हाताची पाठ सपाट ठेवावी, मूठ वळू नये. करंगळी आणि अंगठा सैल मिटावेत. बाण सोडताना बोटे उघडायची नसतात, ती फक्त ढिली करायची, दोरी आपली वाट काढते. डाव्या हातावर पट्टा हवाच. बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नये, त्याने धनुष्य तडकते आणि इजा होते. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ ठेवावा आणि तो बरा होईपर्यंत दोरीला हात लावू नये. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर त्याच क्षणी थांबावे, आणि काही दिवसांत गेला नाही तर डॉक्टरला दाखवावे. शिक्षकाने रोज सरावानंतर प्रत्येकाची बोटे स्वतः पाहावीत. थांबलेल्याची जागा जाणार नाही, हे आधी जाहीर करावे. आमच्याकडे हा नियम केल्यापासून मुले बोट लपवीत नाहीत.

एका स्पर्धेत आमच्या मुलाचा घरचा टॅब पाहून एका पंचाने "हे चालते का?" असे विचारले. प्रश्नाचा सूर नियमाचा नव्हता, चपलेच्या चामड्याचा होता. आम्ही नियम दाखवला. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बोटांना टॅब, मोजा, टोपण किंवा पट्टी वापरता येते. दोरी धरायला, ओढायला वा सोडायला मदत करणारी यांत्रिक योजना तेवढी त्यात नको. तो कोणत्या दुकानातला असावा, असे नियम म्हणत नाही. मुलगा खेळला. आपल्या मुलांना नियम पाठ हवेत, कारण त्यांचे अज्ञान दुसऱ्याच्या हातातले शस्त्र असते.

सरकारने खेळाडूंना १९६१ पासून अर्जुनाच्या नावाने आणि प्रशिक्षकांना १९८५ पासून द्रोणाच्या नावाने पुरस्कार दिले. लिंबा राम हा राजस्थानातला आदिवासी तरुण १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळला. त्यालाही १९९१ मध्ये पुरस्कार मिळाला तो अर्जुनाच्या नावाचा! महाराष्ट्रात एकलव्याचे नाव दिले गेले ते अपंग खेळाडूंच्या पुरस्काराला. म्हणजे ज्याने अंगठा मागितला तो आदर्श गुरू, आणि ज्याचा गेला तो अपंगांचा प्रतिनिधी. पण अपंग खेळाडूंनीच या हिशेबाला उत्तर दिले आहे. जम्मू-काश्मीरच्या शीतल देवीला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांच्या घरातून टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत गेला. हात कोणाचे, घर कोणाचे, यावरून विद्या ठरत नाही.

अंगठ्याची आणखी एक कथा आपल्या घराघरांत आहे. सावकाराच्या कागदावर आपल्या आजोबा-पणजोबांचे अंगठे उमटले आणि जमिनी गेल्या. कातकऱ्यांचे अंगठे वीटभट्टीच्या उचलीवर उमटले आणि पिढ्या वेठीला लागल्या. आज रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवावे लागते. सिमेंटने, चुन्याने आणि दगडाने झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला ओळखू येत नाहीत, आणि राबलेला माणूस धान्यावाचून परत फिरतो. बोटे राखणे ही म्हणूनच केवळ धनुर्धराची गरज नाही. गवंड्याला, खाणकामगाराला, गटारात उतरणाऱ्याला हातमोजे मागण्याचा हक्क हा त्याच मागणीचा भाग आहे. दगडखाणीतल्या मुलाला टॅब देताना मी त्याच्या बापाच्या हातमोज्याची चौकशी करतो, ती त्याचसाठी.

करण्यासारखे पुष्कळ आहे. चर्मकार समाजासाठी राज्याचे महामंडळ १९७४ पासून आहे, संत रोहिदासांच्या नावाचे. शाळांना लागणारे टॅब, मनगटपट्टे आणि भाते त्याच्या कारागिरांकडून रास्त दराने घ्यावेत, अशी मागणी शिक्षक संघटनांनी केली पाहिजे. आदिवासी मुलांसाठी १९९७-९८ पासून एकलव्याच्या नावाने निवासी शाळा निघाल्या. त्या शाळांत धनुर्विद्येचा शिक्षक आणि प्रत्येक मुलाच्या मापाचे अंगुलित्राण आहे काय, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. आणि वर्गात एकलव्याचा धडा शिकवताना शिक्षकांनी त्यागाचे गोडवे गाऊन थांबू नये. अंगठा गेल्यावर तो कसा बाण सोडीत असेल, हे मुलांना बोटांवर दोरी ठेवून दाखवावे. मग प्रश्न मुलेच विचारतील.